बियाण्याचा ढीग

विल्बेर सकाळपासून फोर्तुनातोच्या शेतात बटाटे काढत घाम गाळत होता, तो काही मजुरीसाठी नव्हे. त्याला फोर्तुनातोची पोरगी निल्दा हवी होती. आणि फोर्तुनातोला हा वरच्या गावचा जावई साफ नको होता. "वरच्या गावची पोरं! लामांच्या कळपांमागं शिट्ट्या मारत हिंडण्यापलीकडं येतंय काय त्यांना?" असं तो अख्ख्या शेताला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता.

दुपारी बटाटे भाजायचं काम मुद्दामच विल्बेरच्या गळ्यात घातलं गेलं. ढेकळांची घुमटी रचायची, आत जाळ करून ती लालबुंद तापवायची, बटाटे टाकायचे आणि वरून घुमटी फोडून सगळं गाडून टाकायचं. घुमटी आधीच कोसळली, तर रचणाऱ्याची वर्षभर टर उडते. फोर्तुनातो त्याच आशेवर टक लावून बसला होता, पण घुमटी ढळेल तर शपथ!

"कुठले बटाटे घेऊ, मावशी?" विल्बेरने निल्दाच्या आईला, सातुर्निनाला विचारलं.

"तो बघ, कडेला गवताखाली झाकलेला ढीग. सगळा घे. हात आखडू नकोस, माणसं दमलीत."

बटाटे असे काही खमंग निघाले की माणसं बोटं चाटत राहिली. "पोराच्या हाताला चव आहे बुवा," फोर्तुनातो चौथा बटाटा सोलत नाइलाजाने म्हणाला. "कुठले रे हे?"

विल्बेरने बोट दाखवलं. फोर्तुनातोला जोराचा ठसका लागला.

"धरणीमाते, धाव! बियाणं माझं! आजोबापासून राखलेलं जांभळं बियाणं भाजलंस, गाढवा! आता पेरू काय, माझं डोकं?"

संपलं सगळं! विल्बेर टोपी उचलून निघायच्या बेतात होता.

"ओरडताय कशाला?" सातुर्निना शांतपणे म्हणाली. "हेच बी ह्याच्या घरी आहे की."

"मग दे म्हणावं!"

"सोयऱ्याशिवाय बियाणं कुणी देतं का? तुम्ही तरी शेजाऱ्याला दिलंत कधी?"

फोर्तुनातोने सालींच्या ढिगाभोवती दोन फेऱ्या मारल्या, टोपी काढली, पुन्हा घातली. "पेरणीच्या आत लग्न उरकायचं," तो गुरगुरला. "आणि बियाणं पोती भरून आणायचं. ऐकलंत, जावईबापू?"

विल्बेरला आनंदाने रडूच कोसळायचं बाकी होतं. तेवढ्यात त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "पण मावशी, तो ढीग तर तुम्हीच..."

"मावशी काय मावशी? आई म्हण!" असं म्हणत सातुर्निनाने एक गरमागरम बटाटा त्याच्या तोंडात कोंबला.