एका पायात नवी चप्पल

चौगुले सर नवी कोल्हापुरी चप्पल घेतात, तेव्हा पहिले काही दिवस ती एकाच पायात घालतात. दुसऱ्या पायात जुनीच. एक पाय करकरतोय, दुसरा मुकाट, अशा थाटात ते कॉलेजात येतात. कोणी हसलंच तर म्हणतात, "दोन्ही नव्या घातल्या आन् पाय दुखला, तर चपलेनं दुखला का संधिवातानं, कसं कळायचं?"

सर आमच्या कॉलेजात भूगोल शिकवतात, मी मराठी. राहायलाही एकाच गल्लीत, त्यामुळे कुठेच सुटका नाही. मिसळ खायला गेलं की सर आधी बिनकटाची खातात, मग तीच कट घालून. मी मध्येच कांदा टाकायला गेलो, तर हात धरतात. "कविराज, एका वेळी एकच बदल! कट बी घातला आन् कांदा बी, तर घाम कशानं आला म्हणायचा?"

हे खूळ शिरलं ते हवामानाच्या एका वेबसाइटमुळे. तिथे आख्खी पृथ्वी गणितात बसवलेली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हवेतला कार्बन वाढवायचा किंवा ऊन कमी करायचं, बटण दाबायचं, की थोड्या वेळाने पुढच्या हवामानाचा नकाशा हजर. प्रयोग कोणी केला, केव्हा केला, काय बदललं, याची नोंद वेबसाइट आपोआप ठेवते. 'कशासाठी' हा रकाना मात्र आपण भरायचा. तो रिकामा असेल तर बटण हलत नाही. मुलं तिथे बिनदिक्कत 'सरांनी सांगितलं म्हणून' असं लिहितात. मग सर भडकतात. "उद्या सर म्हणाले हिरीत उडी टाक, तर टाकणार व्हय? नीट कारण लिव्हा, मग बटण दाबा!"

मध्यंतरी कॉलेजच्या तपासणीला समिती आली. नकाशा चांगला लालभडक दिसावा म्हणून प्राचार्यांनी आदल्या दिवशी स्वतःच वेबसाइट उघडली आणि कार्बन, ऊन, समुद्राची ऊब, हाताला लागेल ते वाढवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर नकाशा झळकला. धो धो पावसाच्या गगनबावड्याचंसुद्धा वाळवंट झालं होतं. समितीतल्या बाई दचकल्या. "एवढं तापमान वाढलं कशामुळे?"

प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी शांतपणे नोंदीचं पान उघडलं. 'कशासाठी' या रकान्यात प्राचार्यांनी लिहिलं होतं, 'समिती येणार म्हणून.'

प्राचार्य पुढे कितीतरी दिवस सरांशी बोलले नाहीत. सर मात्र मला म्हणाले, "खोटं काय हाय त्यात? समितीसाठीच तापवली की पृथ्वी!"

या माणसाला पुरून उरायच्या त्या फक्त सरांच्या पत्नी, आमच्या वैनी. आमटीत चिंच आणि गूळ मुद्दाम एकदम टाकायच्या आणि म्हणायच्या, "हुडका आता, कशानं चव आलीया ते!" मागच्या पावसाळ्यात वैनी गेल्या. तेव्हापासून मुलगा अजित, "आबा, पुण्याला माझ्याकडे राहायला या," म्हणून मागे लागलाय. सर विषयच काढू देत नाहीत. शेवटी त्याने मला फोन केला. "काका, तुम्हीच बोला त्यांच्याशी. ते तिथे एकटे, मला इथे काळजीने झोप लागत नाही."

रविवारी सकाळी गेलो. दारात वैनींच्या चपला होत्या, खुंटीला त्यांची छत्री. सरांनी चहा तीन कपांत ओतला. तिसरा, बिनसाखरेचा, वैनींच्या जागेसमोर ठेवला. मग नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हणालो, "सर, पुण्याचाही एक प्रयोग करून बघा की."

ते हसले नाहीत.

"कविराज, या घरात एक बदल झालाय. लई मोठा. त्योच अजून मला उमजला न्हाय. त्यात आता मी पुण्याला गेलो, तर घर बदललं, गल्ली बदलली, पाणी बदललं. मग तिथं घास उतरंना झाला, तर तो पुण्यामुळं का हिच्यामुळं, कसं कळायचं?"

फार वाईट वाटलं. तिसऱ्या कपावर साय धरली, तेव्हा मी उठलो.

गल्लीत आलो तोच अजितचा फोन.

"येतायत का आबा?"

"नाही."

"कारण?"

पोरगं बापावरच गेलेलं. मी म्हणालो, "अजित, चार दिवस तूच इकडे ये. घरातलं काही हलवू नको. एवढा एकच बदल करून बघ."