चाळीस वर्षांची पापं

कारंज्याच्या वेशीबाहेर त्या साली आम्ही चार घरं ख्रिस्ती झालो. चारही घरांत पापांची कबुली सगळ्यात झकास मीच देणार, याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती. मी मळेवाला माणूस! वांग्यातली कीड जो वाफ्यावाफ्यानं वेचतो, त्याला स्वतःची पापं वेचायला कितीसा वेळ लागणार?

बाप्तिस्मा झाला गुरुवारी. पाद्रीबाबा कबुली ऐकायला येणार होते पुढच्या शनिवारी, म्हणजे हाती नऊ दिवस. शिकवणीच्या दौलतराव मास्तरांनी सांगितलं होतं की पापं आठवा, मनापासून पस्तावा करा, ज्याचं वाईट केलं त्याची माफी मागा. पुढंही ते बरंच काही सांगत होते, पण मळ्यात पाणी सुरू होतं, म्हणून मी उठून आलो.

विहिरीच्या काठावर बसून मी सातव्या वर्षापासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी बकरीपाशी येऊन अडलो.

आठ वर्षांमागं अमीनाबी पिंजारणीच्या बकरीनं माझी मेथी फस्त केली होती. मी बकरी कोंडवाड्यात घातली आणि नाव सांगितलं शेजारच्या मळ्यातल्या जगदेवचं. तेव्हापासून अमीनाबी जगदेवशी बोलत नव्हती. माफी तर मागायलाच हवी होती.

अमीनाबी अंगणात रजई भरत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती चिडेल, फार तर कापूस झोडायचा दांडा हाणेल, अशी माझी तयारी होती. पण तिनं कपाळाला हात लावला.

"या अल्ला. चंपतभाऊ, मी त्या बकरीपायी जगदेवचा दुधीचा येल बुडापासून कापला ना."

आता तिलाही पस्तावा झाला. बाप्तिस्मा न घेताच! मला पुढं घालून ती जगदेवच्या मळ्यात आली. जगदेव मोट हाकत होता. त्यानं बैल थांबवले आणि आमचं दोघांचं ऐकून घेतलं.

"येल हिनं कापला?" तो मला म्हणाला. "मले वाटलं तुनं कापला. म्हनून मी तुह्या मिरचीचा पाट फोडला. पुरा उन्हाळाभर."

माझं डोकं असं तापलं, की त्यावर भाकर भाजून निघाली असती. त्याची गचांडी धरायला हात उचलला, आणि तिथंच राहिला. कारण ती मिरची वाळली तेव्हा मी दोष दिला होता माझ्या बायकोला, हेमलाला. तिनं वेळेवर पाणी दिलं नाही म्हणून! आठ वर्षं घरात भांडण कशाचंही असो, शेवटी मी ती मिरची काढायचोच.

आम्ही तिघं घरी आलो. हेमला चुलीपाशी होती. बकरी, दुधी, पाट, मिरची असं सगळं तिनं क्रमानं ऐकलं. तव्यावरची भाकर करपली. शुक्रवारपर्यंत माझ्या ताटात भाजी कमी आणि मिरचीच जास्त पडत होती. मी पाणी पीत पीत मुकाट्यानं खाल्ली.

शनिवारी अमीनाबी आणि जगदेवही ख्रिस्ती देवळापर्यंत आले. मी बकरी नीट सांगतो की नाही, याची त्यांना काळजी. बाहेर लिंबाखाली एकाच चटईवर बसून आठ वर्षांचं बोलणं त्यांनी तिथंच उरकायला घेतलं.

मी आत जाऊन गुडघे टेकले आणि सातव्या वर्षापासून लागलो. बकरी कोंडवाड्यापर्यंत पोहोचली तेव्हा पडद्यापलीकडून पाद्रीबाबांनी मला थांबवलं. त्यांचं मराठी पुस्तकातलं.

"बाळा, हे सर्व बाप्तिस्म्यापूर्वीचे आहे. ते तेव्हाच धुतले गेले. त्यानंतर जे पाप केलेस, तेवढेच सांग."

मी खूप आठवून पाहिलं.

"बाबा," मी म्हणालो, "जुनी आठवता आठवता नवीन कराले फुरसतच नाई झाली."

पडद्यापलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. खोकला होता की हसू, देव जाणे. मग त्यांनीच विचारून विचारून माझ्याकडून जगदेववरच्या रागाची कबुली काढली आणि एक प्रार्थना म्हणायला सांगितली. चिलीम भरायला लागतो त्याहून कमी वेळात मी बाहेर! अमीनाबीचा विश्वासच बसेना. पण जगदेव तिला दुधीचं बी देणार होता आणि ती त्याला बकरीचं पिल्लू, म्हणून दोघं खुशीत निघून गेले.

माझ्यानंतर हेमला आत गेली. मी लिंबाखाली थांबलो. सावली चटईवरून सरकून पार रस्त्यावर गेली, तरी ही आतच. शेवटी आली, ती घासून ठेवलेल्या तांब्यासारखा चेहरा घेऊन.

"अवं, नऊच दिवसाचं सांगाचं होतं," मी म्हणालो. "बाबानं सांगितलं नाई का तुले?"

"सांगितलं ना," ती पदर सावरत म्हणाली. "मी नऊच दिवसाचं सांगितलं."

एवढ्या वेळात तिनं काय सांगितलं, ते मी पुढं पुष्कळदा विचारलं. ती म्हणते, ते सांगायचं नसतं. बरं, त्या नऊ दिवसांत ती ना गावाला गेली, ना कोणाशी भांडली. घरात आम्ही दोघंच होतो.