फ्रीझरमधली दुर्बीण

मर्विन टॅपर बंदुकीवर नवी दुर्बीण घ्यायला निघाला तो हौसेपायी नव्हे, उपकार फेडायला. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला नुसताच वेंधळा समजाल. (वेंधळा तो आहेच. पण नुसताच नाही.)

झालं असं, की उन्हाळ्यात (आमच्याकडे तो डिसेंबरात येतो) त्याच्या बायकोचं, ग्लेनिसचं, खुब्याचं ऑपरेशन झालं. मर्विन लोकरीच्या गोदामात कारकून. स्वयंपाकातलं त्याला फक्त पावाला लोणी लावता येतं, तेही एकाच बाजूनं. अशा वेळी कुंपणापलीकडची नोएलीन मॅकॉली धावून आली. सत्तरीची विधवा बाई, पण दीड महिना रोज यायची. ग्लेनिसला आंघोळ घाल, कोंबड्यांना दाणे टाक, सूप कर, आणि जाता जाता मर्विनच्या शर्टाला बटणं लाव. आता एप्रिल सरत आला होता आणि महिनाअखेरीला नोएलीन हे खोरं सोडून कायमची नेल्सनला, मुलीकडे जाणार होती. म्हणजे जे काय करायचं ते त्याआधी.

आता उपकार फेडायचे कसे? आमच्या खोऱ्यात त्याची एकच रीत आहे. नदीत रुतलेला ट्रॅक्टर कुणी ओढून दिला, द्या त्याला हरणाची तंगडी. कुणी बाळंतपणाला धावून आलं, द्या तंगडी. तीसुद्धा खाटकाकडची चालत नाही, डोंगरात जाऊन स्वतः मारलेली लागते. नुसतं तोंडानं आभार मानले तर समोरचा म्हणतो, "बरं, आणि तंगडी कुठाय?"

इथंच घोडं अडलं होतं. मर्विननं गेल्या पाच वर्षांत एकही हरीण पाडलं नव्हतं. दोष दुर्बिणीचा, असं त्याचं ठाम मत. वडिलांच्या वेळची ती, बिचारीला बोलता येत नसल्यामुळे सगळं तिच्यावर ढकलणं सोपं होतं.

तो फर्गसच्या दुकानात गेला.

"भारीतली दाखवू की परवडणारी?" फर्गसनं विचारलं.

"परवडणारी. पण भरवशाची."

"माझ्या सासूनंही जावई बघताना हेच मागितलं होतं," फर्गस म्हणाला. "तिला नुसता परवडणारा मिळाला."

मर्विननं सर्वांत लांबलचक दुर्बिणीकडे बोट दाखवलं. फर्गसनं ते बोट हळूच बाजूला केलं. "चंद्रावरची हरणं मारायचीयत का? तीनपट ते नऊपट मोठं दिसलं की झाडीत भागतं. काच स्वच्छ पाहिजे, संध्याकाळी अंधारून आल्यावर दिसलं पाहिजे, आणि धक्का बसला तरी नेम हलता कामा नये. ही घे. दोन मेंढ्यांच्या किमतीत बसेल."

"भरवशाची आहे ना?"

"डब्यावर तसं छापलंय. डब्यावर विश्वास ठेवू नकोस. कोमट पाण्यात बुडव, बुडबुडे आले तर परत आण. मग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव, आत धुकं धरलं तर परत आण."

"आणि नाही धरलं तर?"

"तर हरीण आण."

घरी कोमट पाणी एकाच ठिकाणी तयार होतं. ग्लेनिसनं जॅमच्या बरण्या धुवायला मोठं पातेलं तापवून ठेवलं होतं. मर्विननं त्यात दुर्बीण सोडली आणि नाक पाण्याला लावून उभा राहिला. मागून काठीची टकटक ऐकू आली.

"मर्विन, माझ्या पातेल्यात काय शिजतंय?"

"शिजत नाहीये. बुडबुडे येतात का बघतोय."

"आले?"

"नाही."

"मग आता माझ्या डोक्यात येतील. उचल ते आधी. आणि बंदुकीचा एक खिळा जरी पुन्हा या स्वयंपाकघरात दिसला, तर तुझं अंथरूण मेंढ्यांच्या शेडमध्ये."

ग्लेनिस बोलते ते करते. म्हणून दुसरी परीक्षा गुपचूप घ्यायची ठरली. मर्विननं दुर्बीण पावाच्या पिशवीत घातली, वर वर्तमानपत्र गुंडाळलं, सुतळी बांधली आणि कुणाला संशय नको म्हणून वर ठळक अक्षरात लिहिलं, 'मटण. हात लावू नये.' फ्रीझरमधल्या बाकीच्या गुंडाळ्यांत ती अशी काही मिसळली, की त्याला स्वतःलाच स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या त्यानं फ्रीझरमध्ये हात घातला. वाटाणे लागले. मासा लागला. दुर्बीण लागेना.

"ग्लेनिस, इथं एक लांबट गुंडाळी होती..."

"मटणाची? नोएलीनला दिली. तुझ्या हरणाची वाट बघत बसलो तर ती बाई नेल्सनला जाऊन शंभरी गाठेल. आणि तू 'हात लावू नये' लिहिलंस, म्हणजे चांगल्यातलं असणार. म्हटलं तेच द्यावं."

मर्विननं फ्रीझर उघडाच टाकला. "ती खाणार कधी आहे?"

"आजच. तशीच ओव्हनमध्ये टाक म्हणाले मी तिला."

मर्विन कुंपणावरून उडी मारून गेला. (म्हणजे मारली उडीच, पण पँट कुंपणावर थोडी राहिली.) तो नोएलीनच्या स्वयंपाकघरात शिरला तेव्हा ओव्हन तापला होता आणि नोएलीन टेबलाशी बसली होती. समोर टॉवेलवर दुर्बीण. तिचे डोळे ओले होते. (तिथंच अर्धा चिरलेला कांदाही होता, पण मर्विनचं तिकडे लक्ष नव्हतं.)

"माझ्या दुर्बिणीत पाणी शिरलं त्याला दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "स्वतःसाठी नवी घ्यायला हातच होत नव्हता. डोंगरात शिकारीला जाणंच सुटलं माझं. तुला कसं कळलं रे?"

'घोटाळा झालाय' हे वाक्य मर्विन वाटेत घोकत आला होता. ते अगदी ओठांवर होतं. पण त्याला ग्लेनिस घरी आली तो पहिला दिवस आठवला. ती दुखण्यानं रडत होती, ही बाई तिला धरून बसली होती, आणि आपण दाराबाहेर टॉवेल घेऊन खांबासारखे उभे होतो. त्याला एकदम भरून आलं. वाक्य त्यानं गिळून टाकलं.

"गॅरंटीचा कागद उद्या आणून देतो," तो म्हणाला.

"आत जरासुद्धा धुकं नाही. तपासलेली दिसतेय."

"रात्रभर," मर्विन म्हणाला. हे मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कागद द्यायला गेला तर तिनं त्याची बंदूक मागवून घेतली, तिच्यावरची जुनी दुर्बीण धरून हलवली आणि खिशातल्या किल्लीनं दोन स्क्रू आवळले. "दुर्बिणीला काही झालेलं नाही. स्क्रू ढिले होते." (कुणाचे, ते तिनं सांगितलं नाही.)

मग मर्विनला जोर आला. शनिवारी तो डोंगरात गेला. समोर उघड्यावर मोठा शिंगाळा नर उभा होता, वारा बरोबर, उजेड चांगला. मर्विननं गोळी झाडली. हरणानं आधी त्याच्याकडे बघितलं, मग गोळी गेली तिकडे बघितलं, आणि चरायला लागलं. आता दोष द्यायला दुर्बीणही उरली नव्हती.

रविवारी सकाळी नोएलीन दारात उभी. खांद्यावर तंगडी. "दुर्बिणीबद्दल," ती म्हणाली आणि तंगडी टेबलावर ठेवून गेली. ग्लेनिसनं एकदा तंगडीकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "फेडायला निघाला होतास ना? वाढवून आलास."

नोएलीनच्या निरोपाच्या जेवणाला सगळं खोरं हॉलमध्ये जमलं. ग्लेनिसनं तीच तंगडी भाजून नेली. लोक मर्विनच्या पाठीवर थापा मारायला लागले. फर्गस तर मिठीच मारायला आला. "शेवटी पाडलंस! भरवशाची निघाली ना?"

मर्विनला ते सहन होईना. तो उभा राहिला. "हे हरीण मी मारलेलं नाही. नोएलीननं मारलंय. माझ्याकडे तिला द्यायला काही नाही." तो तिच्याकडे वळला. "नोएलीन, तू नसतीस तर आमचं काही खरं नव्हतं. तुझे फार उपकार आहेत."

नोएलीननं मोठ्यानं नाक शिंकरलं.

"बरं," ती म्हणाली, "आणि तंगडी कुठाय?"

हॉल असा हसला, की मर्विनला खाली बसायला निमित्त मिळालं. नोएलीन ताट घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली.

"गुंडाळीवर तुझ्या अक्षरात 'मटण' लिहिलं होतं," ती हळूच म्हणाली. "कळलं होतं मला, चुकून आलीय ते."

मर्विनचा घास हातातच राहिला. "मग परत का नाही दिलीस?"

"मागितली असतीस तर तेव्हाच दिली असती. कुंपणावर पँट फाडून आलास आणि मागितली नाहीस. मला तंगडी तिथंच पोचली, मर्विन."

मर्विनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून नोएलीननं त्याच्या ताटात मांसाचा आणखी एक तुकडा वाढला.

"आणि तसंही," ती म्हणाली, "तुझ्याकडे ती दुर्बीण वायाच गेली असती."