एका दोरीत दोन जोखमी

गुरुनाथ पेठे रियाधमधल्या एका बँकेच्या जोखीम विभागात होते आणि ऑफिस सुटलं तरी जोखीम त्यांना सोडत नसे. त्यांच्या घरात गॅसजवळ एक यादी होती, गीझरजवळ एक, आणि चपलांच्या कपाटावर एक. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात मराठी मंडळाच्या सहलीसाठी त्यांनी बावीस कलमांची नियमावली केली, त्याला कारण मात्र मागच्या वर्षीचा चाकू.

मागच्या सहलीत रियाधबाहेरच्या थुमामाच्या तांबड्या वाळूत मंडळाचा चाकू हरवला होता. वाळूच ती. पोटात गेलेलं परत द्यायचं तिला माहीत नाही. पेठे शोधाचा आराखडा काढत होते तेवढ्यात कादिरभाईंनी कोळशाची जाळी उचलून वाळू चाळली आणि चाकू काढून दिला. कादिरभाई मूळचे मुरुडकडचे, रियाधच्या अल सुलै भागात हातोड्या-पकडींसारख्या हत्यारांचं गोदाम चालवणारे. पेठ्यांची बारा वर्षांची स्वानंदी तेव्हा टाळ्या वाजवत म्हणाली होती, "कादिर अंकल इज सो कूल!" तो 'कूल' बापाच्या काळजात खडा होऊन बसला होता. यंदा असा शब्द आपल्या वाट्याला यावा, एवढीच पेठ्यांची इच्छा.

त्यांनी इंटरनेटवर शोध घेतला आणि त्यांना लॅनयार्ड सापडलं. म्हणजे हत्याराला बांधायची विणलेली दोरी. बथाच्या बाजारातून त्यांनी पॅराशूटची नारिंगी दोरी आणली, आणि महिनाभर ते संध्याकाळी सोफ्यावर बसून विणत राहिले. पहिली दोरी चाकूला, दुसरी दोरी हातोडीला, तिसरी दोरी चिमट्याला, चौथी दोरी झाऱ्याला. पाचवीला हत्यार उरलं नाही, म्हणून तिचा त्यांनी स्वतःला कमरपट्टा केला. तो पँटच्या सगळ्या पट्ट्यांतून ओवला आणि गाठीचं टोक लायटरनं वितळवून चिकटवलं.

"अहो, झाऱ्याला गोंडा कशाला?" सुनेत्राबाईंनी विचारलं. "त्याची काय मुंज आहे?"

"हरवणार नाही आता."

"झारा चौदा वर्षं हरवला नाही. तुम्हीच तेवढे हरवलात."

सहलीच्या दिवशी, गुरुवारी सकाळी, पेठ्यांनी वाळूवर टेबल मांडून सगळ्यांची हत्यारं जमा करून घेतली. रजिस्टरमध्ये सही करायची, मगच हत्यार मिळायचं. कादिरभाईंनी खिशातला जुना मिटता चाकू काढला. त्याच्या मुठीला मासेमारीच्या जाळ्याच्या दोऱ्याची चार बोटं लांब वेणी होती.

"हे चालणार नाही," पेठे म्हणाले. "लॅनयार्ड किमान एक मीटर हवं आणि दुसरं टोक अंगाला."

"साहेब, ही दोरी खिशातनं चाकू ओढायला असते. अंगाला नाय बांधायची. कुठं अडकलीच तर चाकू सुटला पायजे हातातनं, माणूस कशाला लटकेल?"

"कादिरभाई, नियम सहा."

"बरं बाबा, घ्या." कादिरभाईंचा चाकूही पेठ्यांच्या जुन्या, लांबलचक गाडीच्या डिकीत गेला.

मंडळाचा चाकू तेवढा पेठ्यांनी स्वतःकडे ठेवला. त्याची दोरी त्यांच्या कमरपट्ट्याला, आणि त्याच दोरीत गाडीची किल्ली. एका दोरीत दोन जोखमी आवळल्या, असं ते सुनेत्राबाईंना अभिमानानं म्हणाले. अकरा वाजता त्यांचं लॅनयार्डचं प्रात्यक्षिक होतं. साडेदहाला त्यांनी सरावाला एक कलिंगड कापलं, चाकू पुसला, आणि नियम नऊप्रमाणे, 'वापर नसताना चाकू बंद गाडीत', तो चालकाच्या सीटवर ठेवला. बटण दाबलं. दार लोटलं. धाड!

मग ते वळले आणि जागच्या जागी थांबले. कुणीतरी मागून पँट धरली होती.

चाकू आत, किल्ली आत. मधली दोरी दारात, आणि दोरीच्या या टोकाला जोखीम विभाग.

पहिली दहा मिनिटं ते गाडीला रेलून, वाळूचं सौंदर्य न्याहाळत असल्यासारखे उभे राहिले. मंडळातल्या निवेदिताबाई कांदे घेऊन आल्या. "पेठे, चाकू द्या हो."

"जरा वेळानं."

"सही करते ना!"

"सहीचा प्रश्न नाही."

मग वांगीवाले आले, कोळशाचा चिमटा मागणारे आले, तंबूच्या खुंट्या ठोकायला हातोडी मागणारे आले. साऱ्यांची हत्यारं डिकीत, आणि डिकीची किल्ली चाकूच्या गळ्यात. चाळीस माणसांच्या पोटात कावळे ओरडू लागले तेव्हा कादिरभाई आले, वाकले, आणि त्यांनी दोरी बोटानं छेडली.

"आवाज चांगलाय," ते म्हणाले. "कापू?"

"कशानं?"

"हां. लायटरनं जाळू?"

"पेट्रोलच्या टाकीजवळ? नियम तीन!"

"गाठ सोडू?"

"ती वितळवलीय."

"काच फोडू?"

"गाडी बँकेच्या नावावर आहे!"

कादिरभाईंनी डोकं खाजवलं. "बाकीची दारं बघितलीत?"

पेठ्यांनी वरच्या खिशातून यादी काढली. "चारही दारं कुलूपबंद. हे बघा, चार टिका. सकाळी घरून निघतानाच केल्यात." कादिरभाईंनी टिका मोजल्या, बरोबर चार होत्या. कागदापुढे कुणाचं काय चालणार?

"मग एकच राहिलं. पँट सोडा."

"चाळीस माणसांत?"

"माझी लुंगी आहे. मी आडोसा धरतो. यल्ला, लवकर, कोळसा विझतोय."

सुनेत्राबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या रडत नव्हत्या. निळ्या चौकड्यांच्या आडोशामागे पेठ्यांनी डोळे मिटले आणि एक पाय काढला, मग दुसरा, आणि तीच लुंगी घाईघाईनं कमरेला गुंडाळली. नेमक्या त्याच वेळी टेकाडावरून घसरगुंडी खेळून, केसांत वाळू माळून, स्वानंदी धावत आली. तिला तहान लागली होती. तिनं कुणाकडे न बघता मागचं दार उघडलं, पाण्याची बाटली घेतली आणि घटाघटा प्यायली.

चाळीस माना तिच्याकडे वळल्या.

"व्हॉट?" ती म्हणाली. "आय फरगॉट टू लॉक इट. सॉरी. बाबा, तुम्ही लुंगीत का आहात?"

तिनं दोरी पाहिली, दारातून लोंबणारी पँट पाहिली. मग आत शिरून तिनं पुढचं बटण वर केलं. दार उघडलं आणि पँट वाळूवर पडली. स्वानंदी चाकू घेऊन बापासमोर आली. पातं स्वतःकडे, मूठ त्यांच्याकडे.

"हँडल फर्स्ट," ती म्हणाली. "रूल फोर."

"तू... वाचलेस नियम?"

"सगळे. ट्वेंटी-टू. बाकी कुणीच नाही वाचले."

पेठ्यांना गहिवरून आलं. पण सवय ही गहिवराआधी तोंडातून बाहेर पडते. एका हातानं लुंगी सावरत, दुसऱ्या हाताचं बोट उगारत ते गरजले, "स्वानंदी! किती वेळा सांगितलंय तुला, गाडीचं मागचं दार..."

आणि त्यांची नजर वर गेली. निवेदिताबाई कांदे घेऊन उभ्या होत्या, वांगीवाले उभे होते, कादिरभाई उभे होते. चाळीस उपाशी माणसं वाक्य पुरं व्हायची वाट बघत होती.

"...असंच ठेवत जा," पेठे म्हणाले.

स्वानंदीनं त्यांच्या वरच्या खिशातलं पेन काढून घेतलं. "बाबा, लिहू? रूल ट्वेंटी-थ्री?"