हंसपाळिणीच्या तिसऱ्या कडव्याची बखर

श्रीरंगदेवतेचे पाय आठवून जे घडले ते लिहिले. पदरचे तिखटमीठ घातले नाही. शके अठराशे एकतीस, सौम्यनाम संवत्सरे, कार्तिक मासी, हंगेरी देशी डॅन्यूब नदीचे तीरी नाटकाचे एक राज्य नांदत होते, आणि त्या गादीवर रोझाबाईसाहेब विराजमान होत्या. वचक ऐसा की पडदा ओढणारेही विचारल्यावाचून खोकत नसत. आणि त्यांचे पदरी गेझाराव म्हणोन चाली बांधणारे होते, त्यांणी 'हंसपाळीण' नामे गाण्याचे नाटक सिद्ध केले. हंस चारणारी पोर, तिजवर उमराव भाळतो, वाडा देऊ करितो, आणि ती तीन कडव्यांचे पद गाऊन तिसऱ्यात त्यास साफ नाकारिते, ऐसे कथानक. मग प्रयोग जाहला आणि त्या पोरीचे सोंग घेतलेल्या पिरोश्काबाई अनवाणी उभ्या राहोन गाइल्या आणि लोकांनी पाय आपटोन नाट्यगृह हालविले. त्या मुलुखाचा दंडकच ऐसा की लोक पाय आपटीत आहेत तोवर गाणारीने हटू नये, आणि गाइलेले कडवे पुन्हा गाऊ नये, पुढचे द्यावे.

कीर्ति व्हिएन्नास पोहोंचली. मग तेथील नाट्यगृहाचे धनी ग्रुबरसाहेब खासे चालोन आले आणि बोलिले, "नाटक द्या. मात्र पोर शेवटी हरवलेली राजकन्या निघाली पाहिजे आणि लग्न लागले पाहिजे. आमचे लोक नकार बघायला येत नाहीत."

रोझाबाई बोलिल्या, "मग लग्नालाच जा म्हणावं. तिथं जेवणही मिळतं."

गेझाराव मध्ये पडिले, "बाईसाहेब, तिथं चाललं तर जगात चालेल हो!"

"मुलगी परगावी द्यायची म्हणून तिचं नाक कापून द्यायचं काय, गेझाराव?"

परंतु चाली गेझारावांच्या, त्यांणी रुकार दिला. मग बाईंनी एकच अट घातली की पिरोश्काच गाईल. ग्रुबरसाहेब हरखले. हा माणूस आपणांस शहाणा समजत होता. त्यांणी पहिली दोन कडवी जर्मन भाषेत करविली आणि नकाराचे तिसरे काढोन टाकिले. आणि इकडे बाईंनी आपल्या मुलुखीचे शिंपी, आचारी, मोलकरणी जे त्या शहरी चाकरीस होते, त्यांस निरोप धाडिला की पहिल्या प्रयोगास नाट्यगृहाची स्वस्त दराची वरची माडी भरून टाका. आणि पिरोश्कास बोलिल्या, "पोरी, नकार गेला तर नाटक मेलं. दंडक मोडू नकोस, बाकी मी बघते."

प्रयोगाचे दिवशी उमराव गुडघे टेकून बसला, आणि राजकन्येचा दाखला घेऊन बुढा प्रधान दाराशी तयार. पहिले कडवे जाहले, माडी दणाणली. दुसरे जाहले, माडी अधिक दणाणली. थांबतात कशाला! जर्मन भाषेत पुढे काही नाही. तेव्हां पिरोश्काबाई आपल्या बोलीत गाइल्या, "तुझा वाडा तुझ्या डोईवर, माझे कुरण माझ्या पायांखाली." उमरावास बोली कळेना, त्याने प्रेमाने हात चुंबिला. माडी हसोन लोळली. मग पिरोश्काबाईंनी हात सोडविला आणि हंसांमागे चालत्या जाहल्या. नवरीच गेली, प्रधान दाखला कोणास वाचणार? पडदा पाडावा लागला.

ग्रुबरसाहेब लालबुंद होवोन आले, "तुम्ही माझा शेवट बुडवला!"

रोझाबाई बोलिल्या, "दोन कडव्यांचा स्वयंपाक करून तीन पंगती कुणी बसवल्या, साहेब?"

दुसरे दिवशी जर्मन लोकही तिसरे कडवे मागो लागले. मग ग्रुबरसाहेबांनी ते भाषांतर करविले आणि आपलीच युक्ती म्हणोन गावभर सांगितले. सांगोत बापडे. तात्पर्य, राजकन्या एक प्रयोगही नांदली नाही, आणि हंसपाळीण पुढे सोळा शहरी गेली, ती सोळाही ठिकाणी नाही म्हणोनच परतली.