मारोतरावांचे चिंचोके

मारोतराव कुणाच्याही घरी गेले की माणसांना रामराम करायच्या आधी चुलीकडे जायचे. वाकून बघायचे आणि विचारायचे, "ही काय खाते?" लाकूड असलं तर कुठलं, ओलं की वाळलं, गॅस असला तर टाकी किती दिवस पुरते. घरच्या बाईला आधी वाटायचं, पाहुणा भुकेला आहे.

माझ्या पुतणीच्या लग्नात अक्षता पडायची वेळ झाली तरी हे मांडवात नाहीत. मागे जनरेटरजवळ सापडले. तिथून आले ते थेट नवरदेवाच्या बापाकडे. "पाव्हणं, तुमची मशीन लई खादाड हाय. दिवसाढवळ्या दिवे काहून लावून राहिले?" व्याही माझ्याकडे बघायला लागले. मी मारोतरावांना ओळखतच नाही असा चेहरा केला. तसाच चेहरा मी पुढे आणखी एकदा केला. ते सांगायचं राहून गेलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

मारोतराव मूळचे इकडच्याच पुसेगावकडचे. घरी मेंढरं. शिकून हिंगोलीच्या सरकारी तंत्रशाळेत लागले आणि पोरांना भट्टी आणि बॉयलर शिकवत निवृत्त झाले. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्यात. रिकाम्या घरात बसवेना, म्हणून सायकल काढून कारखाने फिरायला लागले. डाळमिल, जिनिंग, बर्फाचा कारखाना. जिथे धुराडं तिथे मारोतराव. लोक त्यांना धूरमास्तर म्हणायचे. ते प्रत्येकाला 'शून्याचा रस्ता' आखून द्यायचे, फुकट.

"शून्य म्हंजे कारखान्याला कुलूप न्हाई शेठ," ते मला सांगायचे. "आधी धूर अर्धा करायचा, मंग पाव. जो उरंल तो झाडानं-मातीनं पिऊन टाकायचा. बराबर शून्य."

"आणि तोवर मी जिवंत राहीन का?"

"तुमी न्हाई राहणार. धूर राहील."

माझा हळद शिजवायचा कारखाना औंढा रस्त्याला आहे. मी त्यांना हसण्यावारी नेत होतो. मग आमचा माल घेणाऱ्या परगावच्या कंपनीनंच कागद मागितला: तुम्ही किती जाळता, आणि दर वर्षी किती कमी करणार. मी सायकल आत बोलावली.

त्यांनी आराखडा केला. जुन्या भट्ट्या मोडून नव्या बांधायच्या, बाभळीऐवजी तुराट्या जाळायच्या, वाळवणाला ऊन कोंडून ठेवणारे घुमट करायचे. पहिल्या हंगामात नुसतं मोजायचं, दुसऱ्यात लाकूड तिसऱ्या हिश्श्यानं खाली आणायचं.

भट्टीवर कोंडाबाई होती. नरसीची, विधवा, अक्षरओळख नाही. तिच्यासाठी मारोतरावांनी मेंढरं मोजायची घरची रीत काढली. लाकडाच्या सगळ्या मोळ्या एका वजनाच्या बांधायच्या. भट्टीत एक मोळी गेली की डब्यात एक चिंचोका. संध्याकाळी ते फतकल मारून चिंचोके मोजायचे आणि वहीत लिहायचे.

"बाई, आज बारा कमी?"

"दुपारी वीज गेलती मास्तर. मोटार बंद, पाणी न्हाई. काय शिजवू, माझं डोस्कं?"

मारोतराव खूश. मला म्हणायचे, "तंत्रशाळेत इतकी पोरं शिकवली, पर इतकं बराबर मोजणारं एक न्हाई निघालं."

दुसरा हंगाम आला. भट्ट्या मी बांधल्याच नव्हत्या, दाखवायला तुराट्यांचे चार भारे तेवढे आणून टाकले होते. पुढच्या वर्षी बघू म्हणत राहिलो. लाकूड तेवढंच जळत होतं आणि कागदावर तर कमी व्हायला हवं होतं. मग कोंडाबाई जेवायला गेली की मी डब्यातून मूठभर चिंचोके काढायचो आणि कुंपणापलीकडे टाकायचो. हंगामभर. मारोतराव संध्याकाळी मोजायचे आणि आनंदानं सांगायचे, "शेठ, तुराट्या लई कामाच्या निघाल्या बरं!"

हंगाम संपला तसा कंपनीचा माणूस तपासायला आला. शिजलेली हळद किती ते त्यानं बघितलं, वही बघितली, आणि आवाज न चढवता म्हणाला, "एवढ्या लाकडात एवढी हळद शिजत नाही. मोजलं कुणी?"

मी तो चेहरा केला. म्हणालो, "आमचे मास्तर बघतात ते. मला त्यातलं काय कळतं?"

मारोतरावांनी डब्याकडे बघितलं. मग भट्टीजवळ पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या कोंडाबाईकडे. मग म्हणाले, "व्हय साहेब. माझ्याच हातून चुकलं. वय झालं."

कंपनीनं मला एक वर्षाची सवलत दिली आणि मोजायला आपला माणूस ठेवला. मी निमूट भट्ट्या बांधल्या. कारखाना आज झकास चालतो. मारोतरावांचं मात्र संपलं. डाळमिलवाल्यानं त्यांचा आराखडा दारातच परत दिला. "मास्तर, शून्य तुमालाच लागू पडलं!" जिनिंगवाला त्यांना बघून फाटक लावायला सांगायचा. पुढच्या हंगामात कोंडाबाईही आली नाही. मी दुसरी बाई ठेवली.

मला वाटत राहिलं, मारोतरावांना सगळं माहीत आहे आणि माझी अब्रू राखायला ते गप्प आहेत. या उपकाराच्या भीतीनं मी कित्येक वर्षं त्यांच्या गल्लीतून गेलो नाही. गेल्या महिन्यात कोंडाबाई वारल्याचं कळलं, तेव्हा गेलो. मारोतराव ओट्यावर एकटेच बसले होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. म्हणालो, शिव्या द्या. व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर कबूल करतो.

ते ओट्यावरून उठून उभे राहिले. मग म्हणाले, "म्हंजे बाई चुकली न्हवती?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं होतं, कोंडाबाईचं मोजण्यात चुकलं. तिची मजुरी जाऊ नये म्हणून त्यांनी चूक अंगावर घेतली होती.

"बराबर टाकत होती बाई," ते स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "बैठक मागून करा शेठ. तिची लेक नरसीला असती. चला."

कोंडाबाईच्या लेकीचं देवळाच्या रस्त्याला फुलं-नारळाचं दुकान आहे. मी तोंड उघडायच्या आतच मारोतरावांनी तिच्यापुढे हात जोडले.

"पोरी, तुझ्या मायवर म्या शक घेतला. तिचं काहीच चुकलं न्हवतं. मला माफ कर."

पोरीला आधी काही समजलं नाही. समजलं तेव्हा म्हणाली, "माय म्हणायची, मास्तर त्या दिसापासून माझ्याशी बोललेच न्हाईत. म्हणून तर तिनं काम सोडलं."

"म्या बोललो असतो तर तिला लाज वाटली असती. म्हणून..." मारोतरावांनी पुन्हा हात जोडले. ज्याचं सगळं मी घालवलं तो माणूस माफी मागत होता, आणि मी बाजूला उभा होतो.

मी म्हणालो, "पोरी, चिंचोके मी काढले."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग दुकानातलं एकुलतं स्टूल फडक्यानं पुसून पुढे सरकवलं.

"बसा मास्तर," ती म्हणाली.

मारोतराव बसले. मी उन्हात उभा राहिलो.