सारंगनाना आणि पुराची नाव

सारंगनानांच्या घरात एकही वस्तू सुटी नसे. खाट खिडकीच्या गजाला बांधलेली, हंडा खांबाला, तवासुद्धा दोरीनं खुंटीला. एकदा मी त्यांच्याकडे पाणी मागितलं, तर तांब्याची गाठ सुटेपर्यंत माझी तहानच मेली. "नाना, हे कशाला?" म्हटलं, तर म्हणाले, "मास्तर, दर्या काय विचारून येतो का?"

आता आमचं गाव पारोळ्याच्या पलीकडे. दर्या मुंबईहून निघालाच, तरी इथं पोचायला त्याला दोनदा गाडी बदलावी लागेल. पण हे नानांना सांगणार कोण? कुणब्याच्या घरातला हा गडी बापाशी भांडून मुंबईला पळाला, बापाच्या तेराव्याला आला तेवढ्यात त्याचं लग्न लावून दिलं, तरी हा पुन्हा आगबोटीवर पळाला. खलाशांचा मुकादम, म्हणजे सारंग, झाला आणि केस पिकल्यावर परत आला. तोवर बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. उजवीकडे म्हणायचं तर नाना 'जमना' म्हणत, डावीकडे 'डाबा'. बैलगाडीत बसले की मागून हुकूम सोडायचे, आणि बैल बिचारे जागीच उभे राहायचे.

मी तेव्हा गावच्या वाचनालयात कारकून होतो. लोक मास्तर म्हणत, का ते विचारू नका. वाचनालयात जुन्या वस्तूंची एक खोली होती. गंजक्या तलवारी, नाक फुटलेल्या मूर्ती, असलं काहीबाही. आणि मागच्या अंगणात निंबाखाली होती तापीच्या महापुराची नाव. त्या पुरात तिनं काठच्या गावांतली माणसं छपरांवरून, झाडांवरून उतरवून आणली होती. मोठ्या कौतुकानं तिला गाडीवर घालून इथं आणलं, आणि मग सगळे विसरले. उन्हानं फळ्यांत हात जाईल एवढ्या फटी पडल्या. शेजारच्या शेळ्या तिच्यात व्यायच्या.

एके दिवशी अध्यक्ष वकीलसाहेबांनी ठराव केला, की आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की हे लाकूड वीटभट्टीला द्यायचं.

नाना तरातरा आले. "भट्टीत? अहो, तिनं माणसं वाचवलीयत!"

"मग उभी करून दाखवा आखाजीपर्यंत," वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले.

त्याच दुपारी नानांनी माझ्याकडून दोन कार्डं लिहून घेतली. एक कोकणात, जुन्या जोडीदारांना. दुसरं चोपड्याला दिलेल्या मुलीला, केसरला. आखाजीला गावोगावच्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. केसर आई गेल्यापासून आलेली नव्हती. आईच्या शेवटच्या दुखण्यात बाप दर्यावर होता, हे तिच्या मनातून जात नव्हतं. नानांनी सांगितलं तसं मी लिहिलं, 'तान्ही असताना तापीकाठी, तुझ्या आजोळी, तुला आणि तुझ्या आईला जिनं पुरातून काढलं, ती नाव मी नीट करतो आहे. आखाजीला बघायला ये.' कार्डावर बरीच जागा उरली होती. "आणखी काही?" मी विचारलं. नाना म्हणाले, "बस, एवढंच."

पंधरा दिवसांत दोन म्हातारे खलाशी पत्र्याच्या पेट्या घेऊन स्टेशनावरून चालत आले, हसनभाई आणि पांडूतात्या. घरचं खाऊन दुसऱ्याच्या नावेसाठी एवढ्या लांब येतं का कोणी? मी तसं विचारलंही. हसनभाई म्हणाले, "सारंगनं बोलावल्यावर मग इचारायचा काय?" आणि वाचनालयाच्या ओसरीवर पथारी टाकून मोकळे झाले.

मग आमच्या शांत वाचनालयाची शांतता संपली. कुजक्या फळ्या निघाल्या, बाभळीच्या नव्या बसल्या. फटींत कापूस ठासायचा होता, आणि कापसाला आमच्याकडे काय तोटा! सगळ्यांनी मिळून जोर लावायचा झाला की नाना "हबेस!" म्हणून असे गरजत, की वर्तमानपत्र वाचणारे खुर्चीतून उठत. एक पेन्शनर तर चहा सांडून घरी गेले ते आठवडाभर आले नाहीत.

सगळं बरं चाललं होतं. आखाजी दहा दिवसांवर आली आणि हसनभाईंनी पेटीतून डबा काढून नावेला तेल लावलं. अंगभर, दोन हात.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावातली झाडून सारी मांजरं नावेत बसली होती. वासानं वाचनालयात पाय ठेववेना. वकीलसाहेब नाकाला उपरणं लावून ओरडले, "हे काय आहे?"

"मुशीचा तेल, सायेब," हसनभाई अभिमानानं म्हणाले. "घरचा हाय!"

"मुशी म्हणजे?"

"मासा."

झालं! वाचनालयाची निम्मी कमिटी माळकरी आणि उरलेली त्यांना घाबरणारी. "आखाजीला एवढासा जरी वास आला, तरी त्याच दिवशी भट्टी!" असं सांगून साहेब निघून गेले. हसनभाईंना कळेना, चूक झाली काय. त्यांच्या गावी सगळ्या होड्यांना हेच तेल लावतात.

नाना नावेच्या काठावर बसून राहिले.  "मास्तर," ते हळूच म्हणाले, "नाव गेली तर केसरला दाखवायला माझ्याजवळ दुसरं काय आहे हो?"

 मी उठलो आणि थेट तेल्याकडे जाऊन जवसाच्या तेलाचं सांगून आलो. पुढचे आठ दिवस तिघं म्हातारे राखेनं आणि सोड्यानं ती नाव घासत होते. हातांची सालं निघाली. मग वर जवसाचं तेल चोपडलं. आखाजीच्या आदल्या दिवशी वकीलसाहेब आले, वाकले आणि फळीला नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग म्हणाले, "राहू द्या." अध्यक्षांनी नाव हुंगली, हे मात्र मी इतिवृत्तात लिहिलं नाही.

आखाजीला गावभर झोके बांधले होते, गाण्यांना ऊत आला होता. नाना सकाळपासून पांढरा कोट घालून नावेभोवती फेऱ्या घालत होते. जेवले नाहीत. दुपार कलताना केसरबाई आली. चाळिशीला टेकलेली, आईसारखीच उंच, असं मागून कोणीतरी म्हणालं. तिनं नावेवरून हात फिरवला. नाना एकेक फळी दाखवू लागले. ही नवी, ही जुनी, इथं किती खिळे, तिथं किती कापूस. थांबेचनात.

ती मध्येच म्हणाली, "आबा, माय कोठे बसेल व्हती?"

नानांचा हात तसाच राहिला. साऱ्या नावेची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस आता एकेक फळी निरखू लागला. शेवटी म्हणाले, "माले काय माहीत, बेटा? मी तठे व्हतू का?"

 केसरबाई नावेत चढली, लुगडं सावरून मधल्या जुन्या फळीवर बसली आणि थोडी सरकून तिनं बाजूला जागा केली.

"मंग आते तरी बसा," ती म्हणाली.

नाना चढून तिच्याजवळ बसले. मी हसनभाईंना आणि पांडूतात्यांना चहाला म्हणून बाहेर घेऊन गेलो.